म्युनिकहून बसनं फिरताना: आठ महिन्यांनंतर

ऑफिसच्या कामानं आठ महिने म्युनिकला होतो, आता कोथरूडला परत. तिथे रेल्वेचं ऐनवेळचं तिकीट डोळे पांढरे करतं, म्हणून शनिवार-रविवारी लांब पल्ल्याच्या बस धरल्या. चौदा फेऱ्या झाल्या: बहुतेक प्राग, तीनदा बर्लिन, एकदा व्हिएन्ना. कंपन्यांची नावं घेत नाही, सगळे थोड्याफार फरकानं सारखेच.

स्वस्ताई खरी आहे. तीन आठवडे आधी काढलं तर प्रागला १८ युरो पडायचे, शुक्रवारी संध्याकाळी दुप्पट. रेल्वेला स्पर्धा नको म्हणून जर्मनीत देशांतर्गत लांबच्या बसना परवानगी मिळणं पूर्वी मुश्कील होतं. १ जानेवारी २०१३ पासून रान मोकळं झालं, त्याचा हा फायदा.

झोपेचं मात्र विसरा. नागपूरच्या स्लीपरमध्ये पाय ताणून घोरायची सवय असलेल्या माणसाला तिथली सीट म्हणजे शिक्षाच. स्लीपर मला एकदाही दिसली नाही. वायफाय नावापुरतं. बसमध्ये टॉयलेट असतं, पण दोनदा त्याला कुलूप होतं.

साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, हा युरोपचा कायदा. बर्लिनच्या बसमध्ये रात्री अडीचला पंपावर फटकन सगळे दिवे लागले. झोपमोड झालेली मंडळी जॅकेटं चढवत उतरली. टॉयलेटला एक युरो, बदल्यात तिथल्याच दुकानात चालणारं कूपन. वेळ संपली तशी बस हलली. आपल्याकडे क्लीनर ‘कोण राहिलंय का’ म्हणत मुंडकी मोजतो, तिथे तसलं काही नाही. एक मुलगा कॉफीचा कप सावरत पळत येताना मला खिडकीतून दिसला. मी ओरडलो तेव्हा बस थांबली, पण ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडेच असं पाहिलं की जणू उशीर मी केलाय.

पासपोर्ट जवळ ठेवा. प्रागहून येताना सीमेवर जर्मन पोलीस बसमध्ये चढतात. पहिल्या खेपेला माझा पासपोर्ट बॅगेत आणि बॅग डिकीत. भर थंडीत अख्ख्या बसच्या देखत सामान उपसलं.

सगळ्यात वाईट फेरी व्हिएन्नाहून परतीची. ॲपवर उशीर आधी ४० मिनिटं, मग ७०, मग सव्वादोन तास. विचारायला थांब्यावर चिटपाखरू नाही, हेल्पलाइनवर संगीत. नियम माहीत असावा: २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या मार्गावर बस दोन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल, तर पैसे परत किंवा दुसरी सोय, यातलं एक निवडायचा हक्क प्रवाशाला असतो. ॲपमध्ये हे कुठे लिहिलंय ते शोधायला भिंग लागेल. मी पैसे मागितले, सोळा दिवसांनी आले. त्या रात्री रेल्वेला मोजलेले ९४ युरो माझे गेले ते गेलेच.

तरी प्रागसाठी मी पुन्हा बसच घेईन. रात्रीची बर्लिन मात्र नाही, पाठीला झेपत नाही.

परवा कोल्हापूरला निघालो तर ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन, “साहेब, कुठं आहात? नवले पुलापाशी थांबा, दहा मिनिटांत आलोच.” पाऊण तासानं आला. मधे आणखी दोनदा फोन केला होता त्यानं.