रेडसाठी गिअर कुठे जमवायचा: वॉव, फायनल फँटसी १४ की गिल्ड वॉर्स २?

ट्रेलर बघून गेम निवडणारे पुष्कळ असतात. पण ग्रुप जमवून रेड (मोठ्या बॉसविरुद्ध अनेकांनी मिळून केलेली मोहीम) करायची असेल तर आधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. इथला गिअर (शस्त्रं, चिलखत, दागिने) किती दिवस कामाचा राहतो? आणि तो जमवण्यात माझा आठवडा किती खर्ची पडतो? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (म्हणजे आपला वॉव), फायनल फँटसी १४ आणि गिल्ड वॉर्स २ या तिन्ही ऑनलाइन गेमची उत्तरं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की एकात रमलेला माणूस दुसऱ्यात महिन्याभरात वैतागू शकतो. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला सहा-आठ तास देऊ शकणारा खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

वॉव: पळत राहायचं

वॉवमध्ये गिअर सीझनवर चालतो. नवा सीझन आला की नवी रेड येते, आयटम लेव्हल (गिअरची ताकद दाखवणारा आकडा) वर सरकते आणि मागच्या सीझनला जिवापाड मिळवलेली तलवार काही दिवसांत विकायला निघते. नॉर्मल आणि हिरोइक रेडमध्ये १० ते ३० जण चालतात, सगळ्यात कठीण अशा मिथिकला मात्र बरोबर २० लागतात.

गिअर मिळवायच्या वाटा भरपूर आहेत, आणि खरी अडचण तीच आहे. रेडमधली लूट, मिथिक प्लस डंजन (पाच जणांच्या, वाढत्या कठीण मोहिमा), क्राफ्टिंग ऑर्डर (दुसऱ्या खेळाडूकडून बनवून घेतलेला गिअर), २०२४ पासून एकट्याने खेळता येणाऱ्या डेल्व्ह नावाच्या छोट्या मोहिमा, आणि या सगळ्यावर दर आठवड्याला उघडणारी बक्षिसांची तिजोरी, म्हणजे ग्रेट व्हॉल्ट. मिथिक प्लस १, ४ आणि ८ वेळा केलं की व्हॉल्टच्या त्या ओळीत एक, दोन, तीन पर्याय येतात. रेड आणि डेल्व्हच्या ओळी वेगळ्या. जास्तीत जास्त नऊ वस्तूंपैकी एकच उचलायची. त्यामुळे रेड मंगळवारी असली तरी रविवारी रात्री 'अजून एक की मारूया का' ('की' म्हणजे मिथिक प्लसची एक फेरी) हा मेसेज येतोच. टिअर सेटचे (खास चिलखत-संचाचे) दोन आणि चार नगांचे बोनस इतके जोरदार असतात की ते पूर्ण होईपर्यंत डीपीएसवाल्याला (शत्रूला मारणं हेच ज्याचं मुख्य काम त्याला) चैन पडत नाही. कॅटलिस्ट या सोयीमुळे साध्या नगाचा टिअर नग करता येतो, म्हणून सगळं लुटीच्या नशिबावर राहत नाही, एवढाच दिलासा.

कोणता नग खरंच वरचढ हे नुसत्या आयटम लेव्हलवरून कळत नाही. रेडबॉट्स या वेबसाइटवर आपलं कॅरॅक्टर टाकून सिम (कोणत्या गिअरने किती मारा होतो याचा हिशेब) करायची सवय इथे पहिल्या दिवसापासून लावावी. एन्चांट आणि जेम (गिअरची ताकद वाढवणाऱ्या जोडण्या) न लावता रेडला आलेला माणूस गिल्डच्या (खेळाडूंच्या कायमच्या गटाच्या) लगेच नजरेत येतो, आणि चांगल्या कारणासाठी नाही.

ज्याला रोज थोडं थोडं खेळायला आवडतं, आकडा वर चढताना बघायला मजा येते, त्याच्यासाठी वॉवइतका भरगच्च गेम नाही. ज्याला आठवड्यातले दोनच दिवस मोकळे मिळतात त्याला मात्र इथे कायम मागे पडल्यासारखं वाटत राहील.

फायनल फँटसी १४: कॅलेंडर लावून

इथला गिअर रेल्वेच्या वेळापत्रकासारखा आहे. पुढचा नग साधारण कधी हातात पडेल हे आधीच सांगता येतं. सॅव्हेज (म्हणजे कठीण) रेड आठ जणांची: दोन टँक (शत्रूचा मार झेलणारे), दोन हीलर (साथीदारांना बरं करणारे), चार डीपीएस. एका टिअरमध्ये (इथे टिअर म्हणजे रेडचा टप्पा) चार लढती. आठवड्यातून एकदा जिंकलं की पेटी आणि प्रत्येकाला एक 'बुक'. पेटीतलं नशीब रुसलं तरी पुरेशी बुकं जमली की तोच नग विकत घेता येतो. दुसरी वाट टोमस्टोन या गेममधल्या चलनाची. त्यांची मर्यादा बरीच वर्षं आठवड्याला ४५० राहिली आहे, आणि चिलखत किंवा पॅंट ८२५ ला, शिरस्त्राण, हातमोजे, बूट ४९५ ला, दागिने ३७५ ला. म्हणजे एका चिलखतात दोन आठवडे गेले. कितीही तास बसलात तरी त्याहून लवकर मिळत नाही. उलट, रोज खेळणारा तुमच्या फार पुढेही जाऊ शकत नाही. नोकरदार माणसाला याहून चांगली बातमी नाही.

पहिल्याच आठवड्यात सॅव्हेजला उतरायचं असेल तर क्राफ्ट केलेला गिअर लागतो, आणि खिसा इथेच हलका होतो. चिलखताला दोन मटेरिया (ताकद वाढवणारे खडे) हमखास बसतात, पण तज्ज्ञ पाचपर्यंत ठोकतात. पुढच्या जागांवर यशाची शक्यता घसरत जाते आणि फसलेला मटेरिया कायमचा जातो. गेममधल्या बाजारात पॅचनंतरचे (गेमच्या नव्या अपडेटनंतरचे) पहिले काही दिवस भाव आभाळाला भिडलेले असतात, दोन-तीन आठवड्यांत ते खाली येतात. वर्ल्ड फर्स्टच्या (जगात सर्वांत आधी जिंकण्याच्या) शर्यतीत नसाल तर थांबायला काही हरकत नाही. त्या काळात लढतीचे गाइडही तयार होतात.

एक फायदा नवख्यांच्या लक्षात येत नाही. एकाच कॅरॅक्टरवर सगळे जॉब (लढवय्यांचे प्रकार) खेळता येतात, आणि एकाच प्रकारच्या भूमिकेचा गिअर सामायिक असतो. चारही टँक एकच चिलखत घालतात, शस्त्र तेवढं वेगळं. ग्रुपला ऐन वेळी वेगळा टँक हवा झाला तर शून्यापासून सुरुवात नाही.

पण किंमत आधीच मोजावी लागते. रेडपर्यंत पोचण्याआधी मुख्य कथा संपवावी लागते, आणि ती २०१३ पासून साठत आलीय. कथा सोडून पुढे जायचा पास विकत मिळतो. माझ्या मते तो घेऊ नये, कारण मग या गेममधलं निम्मं सोनं तसंच मागे राहतं. लेव्हल ७० पर्यंतचा फ्री ट्रायल आहे, त्यावर आधी अंदाज घ्या.

गिल्ड वॉर्स २: एकदाच

२०१२ पासून लेव्हलची मर्यादा ८० वर आहे. असेंडेड (वरच्या दर्जाचा) गिअर एकदा केला की तो पुढच्या वर्षी जुना होत नाही. वर्षभर खेळ सोडून परत आलात तरी तुमच्या अंगावरचं चिलखत रेडला चालतं. मासिक वर्गणी नाही, पण २०१५ च्या पहिल्या रेडसाठी हार्ट ऑफ थॉर्न्स हे एक्सपान्शन घ्यावं लागतं. रेड दहा जणांची.

सुरुवातीला एक्झॉटिक (असेंडेडच्या एक पायरी खालचा) गिअर पुरतो. शस्त्रं आणि दागिने आधी असेंडेड करावेत, फरक तिथे जाणवतो. दागिने बिटरफ्रॉस्ट फ्रंटियरसारख्या नकाशावर फिरूनही मिळतात. असेंडेड चिलखत क्राफ्ट करणं महाग, त्याची घाई नको.

इथे चुकतं ते स्टॅट (गिअरमुळे वाढणारे गुण) निवडण्यात. बर्सरकर, वायपर, हॅरियर, डिव्हायनर ही स्टॅटच्या संचांची नावं घोकूनच ठेवा. दहा जणांचे पाच-पाचचे दोन गट, आणि प्रत्येकात क्विकनेस आणि अलॅक्रिटी (गटाचा वेग वाढवणारे परिणाम) देणारं कुणीतरी हवंच, त्यांचा गिअर वेगळा. पहिला बॉस व्हेल गार्डियन सर्वाधिक टफनेसवाल्याच्या (टफनेस म्हणजे मार सोसण्याचा स्टॅट) मागे लागतो. डीपीएसवाल्याने कुठूनतरी टफनेसचा जास्तीचा नग चढवला की बॉस टँकला सोडून त्याच्याकडे धावतो, आणि मग चॅटमध्ये जे व्हायचं ते होतं. लेजंडरी (सर्वांत वरच्या दर्जाचा) गिअर केला तर स्टॅट हवे तसे बदलता येतात, शिवाय २०२१ पासून तो सगळ्या कॅरॅक्टरना वापरता येतो. पण तो महिन्यांचा प्रकल्प आहे.

भारतातून खेळताना

तिघांपैकी एकाचाही सर्व्हर भारतात नाही. युरोपातली रात्री आठची रेड आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला सुरू होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची पहाटे साडेपाच-साडेसहाला. फायनल फँटसीत जपानचे सर्व्हर आहेत, तिथली रात्री नऊची रेड आपल्या संध्याकाळी साडेपाचला येते. २०२२ पासून ओशनियाचंही डेटा सेंटर आहे, पण त्यांची रात्र म्हणजे आपली दुपार, शनिवार-रविवारच जमणार. गिल्ड वॉर्स २ चे सर्व्हर फक्त उत्तर अमेरिका आणि युरोपात.

वॉवची वर्गणी महिन्याला १४.९९ डॉलर, फायनल फँटसीची सर्वांत स्वस्त योजना १२.९९ डॉलर. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम लागू झाल्यापासून परदेशी ऑटो-रिन्यूअल मध्येच अडकू शकतं. ऐन रेडच्या दिवशी अकाउंट बंद पडायला नको, तर ठरावीक मुदतीचा गेम टाइम आगाऊ घेऊन ठेवा.

मग घ्यायचा कुठला?

आठवड्याला सहा-आठ तास, ठरलेला ग्रुप आणि कथेसाठी धीर असेल तर फायनल फँटसी १४. वेळ बेभरवशाचा, परीक्षा किंवा शिफ्ट ड्युटीमुळे महिनोन्‌महिने खंड पडत असेल तर निःसंकोच गिल्ड वॉर्स २. वॉव मी फक्त त्यालाच सुचवेन ज्याचे मित्र आधीपासून तिथे आहेत. अनोळखी ग्रुपमध्ये आयटम लेव्हल बघूनच आत घेतात, त्यामुळे उशिरा आलेल्याला दाराबाहेर फार ताटकळावं लागतं.

आणि कुठलाही गेम घ्या, पहिला महागडा नग क्राफ्ट करण्याआधी रेड लीडरला विचारा: ग्रुपमध्ये कोणती भूमिका रिकामी आहे? हीलर हवा असताना बर्सरकरचा, म्हणजे डीपीएसचा, पूर्ण संच घेऊन उभं राहिलात तर त्या शुक्रवारी तुम्ही स्ट्रीम बघत बसाल.