पाळीची वही : तारखेच्या पलीकडची नोंद

आमच्या भागातील एका महिला बचत गटाने छापलेली पाळीची नोंदवही आठवडी बाजारात पापड-शेवयांच्या शेजारी विकायला असते. किंमत 30 रुपये, कागद साधा, शिलाई मजबूत. तारीख लिहून ठेवायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते आणि मोबाइलवरील ॲप तेच काम फुकट करते, मग ही वही विकत कशाला घ्यावी, असे कोणालाही वाटेल. ती घ्यावी ती तिच्यातल्या रकान्यांसाठी.

प्रत्येक तारखेसमोर रक्तस्राव, ओटीपोट व कंबर, झोप, चिडचिड आणि उदासी असे रकाने आहेत; त्रास नसल्यास 0, असह्य असल्यास 3. ही नोंद पाळीच्या दिवसांपुरती नसून रोज रात्री करायची आहे आणि वहीचे खरे मोल त्यातच आहे. पाळीपूर्व त्रास बहुधा पाळीआधीच्या आठवड्या-पंधरवड्यात सुरू होतो आणि पाळी आल्यावर काही दिवसांत ओसरतो. पण नुसते आठवून सांगायचे झाले, तर एक तर सगळाच महिना वाईट गेला असे वाटते, नाहीतर सगळा दोष पाळीच्या माथी जातो. त्यामुळेच पाळीपूर्व तीव्र मानसिक विकाराचे निदान पक्के करताना डॉक्टर किमान दोन पाळीचक्रांची रोजची नोंद मागतात.

शेजारच्या काकूंना लिहिता येत नाही, म्हणून त्या आकड्यांऐवजी टिकल्या चिकटवतात. उदासीच्या रकान्यातील टिकल्या पाळीच्या आधीच दाटलेल्या पाहून त्या म्हणाल्या, "मले वाटे माहं डोकंच फिरलं. पाळी आली का मंग शांत होते वं." त्यांच्या सुनेच्या वहीत मात्र उदासी महिनाभर पसरलेली होती आणि पाळीआधी ती केवळ वाढत होती. असे असेल तर आधीपासूनचे नैराश्य त्या दिवसांत बळावत असण्याची शक्यता मोठी, आणि मग उपचार नैराश्यावर करावे लागतात. शेवटच्या पानावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक दिला आहे, तो अशा वेळी कामी येतो.

शरीराकडे लक्ष कसे द्यावे, हे सांगणारे एक पानही वहीत आहे. पाळीतील कळ ही मनाची समजूत नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे तेथील स्नायू आकुंचन पावतात आणि दुखते. भीतीने तीच कळ जास्त जाणवते, हेही तितकेच खरे. त्यामुळे दुखणे नेमके कुठे आहे, ठणकते की ओढ लागते, श्वास सोडताना सैल पडते का, असे शांतपणे पाहायला सांगणारा हा मजकूर मला आवडला. दुखण्याच्या धास्तीने अंग आवळून बसणाऱ्या मुलींना त्याचा उपयोग होतो.

पण त्याच पानावर 'मन प्रसन्न ठेवल्यास पाळीचा त्रास होत नाही' असे वाक्य आहे आणि ते काढून टाकायला हवे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील 650 स्त्रियांच्या तपासणीवर 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. दुखणे अंगावर काढण्याची सवय जिथे इतकी जुनी आहे, तिथे प्रसन्न राहण्याचा सल्ला देणे म्हणजे दवाखान्याची वाट आणखी लांबवणे होय.

कामासाठी रकाना नाही, हीसुद्धा उणीव आहे. कापूस वेचणीच्या हंगामात कंबर वाकण्याने दुखली की पाळीने, हे नुसत्या आकड्यावरून कळणार कसे? मुखपृष्ठावर लालभडक मोठ्या अक्षरांत नाव छापल्यामुळे सासरी वही उघड्यावर ठेवता येत नाही, अशी तक्रार अनेकींची आहे. साधे कव्हर घातले तर खपही वाढेल.

फार रक्त जात असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल किंवा गोळीनेही कळ थांबत नसेल तर तपासणी करावी, ही सूचना पुढच्या छपाईत पहिल्याच पानावर यावी. आणि जिच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, तिने दोन महिन्यांची पाने भरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी 14416 वर फोन करावा, हेही ठळक अक्षरांत असावे.