डी अँझातून पुढे कुठे? बर्कली, यूसीएलए, यूएससी आणि खिशातलं टॅग

मुलगा डी अँझाला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजला, जाणार हे सांगलीला कळवलं तेव्हा सासूबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे दोन वर्षांनी परत कॉलेज बदलायचं? आणि ते का गं?" मी समजावू लागले, तर त्यांनीच मध्येच तोडलं. "हां, म्हणजे आपल्या धाकट्याने डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला वालचंदला घेतलं, तसं." अगदी तसंच. बे एरियातल्या निम्म्या मराठी घरांना जे पटवताना माझी दमछाक झाली, ते त्यांना एका वाक्यात कळलं.

फरक एवढाच की दिरांचं काम टक्के आणि कॅप राउंडवर भागलं. इथे निबंध लिहायचे, विषय जुळवायचे, तारखा सांभाळायच्या, आणि ट्रान्सफरने, म्हणजे कॉलेज बदलून, प्रवेश मिळतो तो थेट तिसऱ्या वर्षाला. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत काय घेतलं यावरच सगळं ठरतं. कुपर्टिनो-सनीवेलकडचे बरेच जण सध्या हाच हिशेब मांडत बसलेत, म्हणून आमच्या घरी दोन वर्षं चाललेली चर्चा इथे उतरवते.

आमच्यापुढे चार नावं होती. बर्कली, लॉस एंजेलिसचं यूसीएलए, तिथलंच खासगी यूएससी, आणि हमीचं म्हणून डेव्हिस. यूएससी सोडून बाकी तिन्ही यूसीचे, म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे कॅम्पस. स्टॅनफर्ड घरापासून वीस मिनिटांवर, तेव्हा तेही कुणीतरी काढायचंच. ते आधी उरकते. तिथे ट्रान्सफरने शंभरात एक-दोघं लागतात, शाळेचे मार्क लागतात, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. हौस असेल तर जरूर भरा, पण योजनेत धरू नका.

हमी म्हणजे नक्की काय

टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी, ही यूसीची सोय आहे. ती सहाच कॅम्पसवर मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतं आणि त्याचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या महिन्यातच भरायचा. ठरलेला जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) आणि ठरलेले विषय असले की जागा पक्की. सँटा बार्बरा आणि अर्व्हाइन ३.४ मागतात, इतर ठिकाणी थोडं कमी चालतं.

टॅग घेतलं म्हणून बर्कली-यूसीएलएचं दार बंद होतं असा एक समज मी तीन वेगवेगळ्या घरांत ऐकला. तो चुकीचा आहे. सप्टेंबरात टॅग भरा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेहमीच्या यूसी अर्जात हव्या त्या सगळ्या कॅम्पसवर खुणा करा. टॅग खिशात असलं की बाकीचे अर्ज निवांत मनाने लिहिता येतात. एक मेख मात्र आहे. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगचे काही मेजर (पदवीचे मुख्य विषय) काही कॅम्पसनी टॅगमधून वगळलेत. आपल्याकडे ज्याला-त्याला तेच हवं असतं, तेव्हा टॅगची त्या वर्षीची यादी उघडून मेजरचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बर्कली की यूसीएलए

नुसता आकडा पाहिला तर दोन्हीकडे चित्र सारखंच दिसतं. ट्रान्सफरच्या अर्जदारांपैकी साधारण चौथा हिस्सा घेतला जातो. बारावीनंतर थेट अर्ज करणाऱ्यांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतं, म्हणजे ही वाट खरंच रुंद आहे. शिवाय यूसीएलएने घेतलेल्या ट्रान्सफरपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतूनच आलेली असतात. राज्याने १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये हा रस्ता मुद्दाम आखला होता. कुणी मेहरबानी करत नाही.

पण हा चौथा हिस्सा सगळ्या मेजरचा मिळून आहे, आणि लोक फसतात ते इथेच. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, गणित यांत शक्यता चांगली असते. कॉम्प्युटर सायन्सला दोन्हीकडे आकडा एकेरीवर येतो. "आधी कसंही आत शिरू, मग मेजर बदलू" हा आपला लाडका उपाय तिथे चालत नाही. ट्रान्सफर होऊन आलेल्या मुलाला आत गेल्यावर कॉम्प्युटर सायन्स मिळणं जवळजवळ अशक्य आहे. ज्याला तेच शिकायचंय त्याने सॅन होजे स्टेट या जवळच्या सरकारी विद्यापीठाकडे बघून नाक मुरडू नये, एवढं सांगते. माझ्या ऑफिसात निम्मी टीम तिथलीच आहे.

आता रोजच्या जगण्यातले फरक, जे माहितीपत्रकात ठळकपणे दिसत नाहीत.

डी अँझा क्वार्टरवर, म्हणजे तिमाही सत्रांवर चालतं, यूसीएलएही क्वार्टरवर. बर्कली सेमिस्टरवर. डी अँझाची शेवटची परीक्षा जूनअखेरीस संपते आणि बर्कली ऑगस्टअखेरीस सुरू होतं. यूसीएलए सप्टेंबरअखेरीस. हा एक महिना साधा वाटतो, पण पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज लगेच सुरू होतात. दोन्हीकडे मुलगा नव्या कॉलेजचा एकही मार्क हातात नसताना मुलाखती देतो. क्वार्टरची सवय असलेल्या मुलाला यूसीएलएचा वेग निदान ओळखीचा असतो.

राहण्याच्या बाबतीत यूसीएलए सरस. ट्रान्सफर विद्यार्थ्यांना ते दोन वर्षं वसतिगृहाची हमी देतात. बर्कलीत घर शोधणं हा वेगळा विषय म्हणून शिकवावा इतकं अवघड आहे. पण बर्कलीचं एक आहे, मिलपिटासहून बार्टची, म्हणजे इथल्या लोकलची, ऑरेंज लाइन थेट डाउनटाउन बर्कलीला जाते, तासाभरात. रविवारी डबा घेऊन परत जाणारी मुलं मी त्या गाडीत पाहिली आहेत. पोहे, आमटी आणि धुतलेले कपडे, सगळं एकाच बॅगेत.

यूसीएलएला टॅप नावाची एक सोय आहे, ती मात्र लवकर पकडावी लागते. कम्युनिटी कॉलेजचा ऑनर्स प्रोग्राम पूर्ण करणाऱ्यांना तिथल्या कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्सच्या मेजरसाठी प्राधान्याने विचारात घेतात. इंजिनिअरिंगला ही सोय नाही. दुसऱ्या वर्षी जाग येऊन उपयोग नसतो, ऑनर्सचे विषय पहिल्या वर्षापासून घ्यायला लागतात.

यूएससी: वेगळं खातं

यूएससी खासगी. अर्ज कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांची सामायिक अर्जाची साइट), फेब्रुवारीत. पहिला फरक इथेच पडतो, कारण यूसीचा अर्ज नोव्हेंबरअखेरीस संपतो आणि यूएससीला आणखी एका क्वार्टरचे मार्क दाखवता येतात. पहिलं वर्ष डळमळीत गेलेल्या मुलाला ही संधी मोठी आहे. त्यांच्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांत सुमारे निम्मे कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले असतात, तेव्हा परकं वाटण्याचं कारण नाही.

पण विषयांचं गणित वेगळं. यूसीसाठी असिस्ट नावाची राज्याची वेबसाइट आहे. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही त्यात संध्याकाळी घालवल्या. अर्थशास्त्रासाठी डी अँझाचे इकॉन १ आणि इकॉन २, कॅलक्युलसचे मॅथ १ए, १बी, असं एकेक जुळत जायचं. मग एका कॅम्पसच्या एका विषयासमोर यायचं, 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड'. मुलगा म्हणायचा, "आई, म्हणजे झालंच." झालं नव्हतं. तो विषय तिथे जाऊन करायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण ते कळेपर्यंत जेवण गार.

यूएससी असिस्टमध्ये नाही. त्यांच्या याद्या त्यांच्या स्वतःच्या साइटवर आहेत, आणि यूसीसाठी जे सामान्य शिक्षणाचं पॅकेज पूर्ण केलं (आधी आयगेट्सी, आता कॅल-गेट्सी) त्याने तिथलं काम भागत नाही. त्यांचे स्वतःचे सामान्य शिक्षणाचे नियम आहेत. सेमिस्टरच्या हिशेबाने ६४ युनिटांपेक्षा (क्रेडिटांपेक्षा) जास्त ते आपल्या खात्यात धरत नाहीत, आणि वरच्या पातळीचा लेखनाचा विषय तिथे जाऊनच करावा लागतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा तर डी अँझात एक-दोन विषय जास्तीचे घेण्याची तयारी हवी.

आणि पैसे. डी अँझात राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ३१ डॉलर, म्हणजे ट्रान्सफरला लागणाऱ्या ९० क्वार्टर युनिटांचे २,७९० डॉलर, वर किरकोळ फी, पुस्तकं आणि पार्किंग. पुढच्या दोन वर्षांसाठी यूसी रहिवाशाला राहणं-खाणं धरून वर्षाला ४० हजारांच्या पुढे जातं. यूएससीची २०२५-२६ ची नुसती फी ७३ हजारांच्या वर आहे, सगळं धरून वर्षाला एक लाखाच्या घरात. मदत मिळाली तर गोष्ट वेगळी, पण दोन टेक पगारांच्या घराला ती फारशी मिळत नाही. म्हणजे दोन वर्षांत लाखभर डॉलरचा फरक. सिनेमा शिकायचा असेल किंवा मार्शलमध्ये, म्हणजे यूएससीच्या बिझनेस स्कूलमध्ये, बिझनेसच करायचं असेल, तर मी तो फरक समजू शकते. यूसीएलएत पदवीला बिझनेस असं मेजरच नाही, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे. पण अर्थशास्त्रासाठी लाखभर डॉलर जास्त मोजणं मला पटलं नाही, आणि मी ते घरी मोठ्या आवाजात सांगितलं.

एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांच्या घरांनी फीचा विचार वेगळा करायला हवा. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, आणि ट्रान्सफरची मुलं नेमकी त्याच सुमाराला तिसऱ्या वर्षात असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेल्यावर फीसाठी कॅलिफोर्नियाचं रहिवासी ठरता येत नाही, आणि परराज्य-परदेशी विद्यार्थ्याला यूसीमध्ये वर्षाला ३७ हजारांहून जास्त डॉलर वरचे मोजावे लागतात. तारीख कॅलेंडरवर आजच मांडा आणि वकिलाला विचारा.

निबंध, आणि एक थोडक्यात टळलेला घोटाळा

यूसीला चार छोटे निबंध, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. एक सक्तीचा, मेजरची तयारी कशी केली यावर. उरलेले तीन सात प्रश्नांतून निवडायचे. शाळेचे मार्क ते ट्रान्सफरला विचारात घेत नाहीत, हा किती मोठा दिलासा आहे ते दहावी-बारावीत गडबडलेल्या मुलाच्या आईला विचारा. आमच्याने आधी रोबोटिक्स क्लबवर लिहिलं, जे इकडची दर तिसरी मुलं लिहितात. मग खोडून गणिताच्या ट्युटोरिंग सेंटरवर लिहिलं. चाळिशीतला एक ट्रक ड्रायव्हर तिथे अपूर्णांक शिकायला यायचा, त्याला शिकवता शिकवता हा स्वतः काय शिकला, त्यावर. तो निबंध चांगला झाला.

घोटाळा असा. उन्हाळ्यात लवकर संपवू म्हणून त्याने पुढचं कॅलक्युलस जवळच्या सेमिस्टरवाल्या कॉलेजात घ्यायचं ठरवलं. डी अँझाचं कॅलक्युलस चार क्वार्टरांत तोडलेलं, तिथलं तीन सेमिस्टरांत. मधून उडी मारली की काही भाग दोनदा येतो, काही राहून जातो, आणि यूसीला मालिका अर्धवट दिसते. कौन्सिलरने पैसे भरायच्या आदल्या दिवशी पकडलं. तेव्हापासून मी सांगते, जी मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा.

मैत्रिणीच्या मुलाचं इतकं सुखरूप झालं नाही. प्रवेश मिळाल्यावर शेवटच्या क्वार्टरला त्याने एक कठीण विषय सोडून दिला आणि कुणाला कळवलं नाही. जुलैत ईमेल आला, प्रवेश रद्द. पुढचं वर्ष त्याने घरी बसून काढलं. अर्जात लिहिलेला विषय सोडायचा असेल तर विद्यापीठाला आधी कळवा.

मेअखेरचा पेच

यूसीचे निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात आणि १ जूनपर्यंत होकार कळवायचा असतो. यूएससी मेअखेरीस कळवतं, आणि वसंत क्वार्टरचे मार्क मागितले तर जुलैही उजाडतो. आमच्याकडे बर्कलीचा नकार आला, यूसीएलएचा होकार आला, डेव्हिस टॅगमुळे होतंच, आणि यूएससीने मार्क मागितले. ३१ मेच्या रात्री आम्ही यूसीएलएचे पैसे भरले. जुलैत यूएससीचाही होकार आला. मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने वसतिगृहाचा फॉर्म भरला.

आता धाकटी डी अँझात आहे, तिला कॉम्प्युटर सायन्स हवंय, आणि वरचा अर्धा हिशेब तिच्यासाठी पुन्हा मांडायला लागतोय. बर्कलीला अर्ज कर म्हटलं की ती मला ॲपलच्या सहसंस्थापक वॉझ्नियॅकचं नाव ऐकवते, तोही डी अँझातून बर्कलीला गेला म्हणून. मी तिला टॅगची यादी आणि सॅन होजे स्टेटचं पान, दोन्ही उघडून दिलंय. सप्टेंबर यायचाय अजून.