आर्लेकिनो: नऊ महिने वापरल्यावर, मुख्यतः त्या पाच सेकंदांबद्दल

२०२५च्या सुरुवातीला गेन्शिन इम्पॅक्ट या गेममधल्या स्पायरल अबिसचा, म्हणजे वेळ लावून लढायच्या मजल्यांचा, बारावा मजला नऊच्या नऊ स्टारनी पार झाला. शेवटच्या चेंबरमध्ये १८० सेकंदांची मर्यादा संपायला जेमतेम चार सेकंद उरले होते. तिथे दोन बाजूंना दोन टीम लागतात; पहिल्या बाजूला आर्लेकिनो हे कॅरेक्टर होतं आणि तिच्या हातात व्हाइट टॅसल. चेस्टमध्ये मिळणारा, तीन स्टारचा, नऊ महिन्यांत एकदाही न बदललेला भाला. निकाल आला तेव्हा मी उठून उभी राहिले होते. याच कॅरेक्टरला मी जून २०२४मध्ये टीममधून काढून टाकलं होतं आणि मैत्रिणींना 'घेऊ नका' असं सांगितलं होतं. गेमच्या ५.३ आवृत्तीच्या दुसऱ्या टप्प्यात, २१ जानेवारी २०२५पासून, तिचा बॅनर (ठरावीक दिवस ती मिळवायची संधी) पुन्हा आला आणि त्या मैत्रिणी 'घ्यावी का' म्हणून विचारायला लागल्या. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी खर्चाचं सांगते, कारण माझ्या मतावर त्याचा परिणाम आहे. मी गेन्शिन इम्पॅक्ट पैसे न घालता खेळते. २४ एप्रिल २०२४ला ४.६ आवृत्ती आली, त्याच दिवशी पुल करायला (कॅरेक्टरसाठी सोडत काढायला) बसले. ७८व्या पुलला ५०-५० हरले, म्हणजे तिच्याऐवजी दुसरंच कॅरेक्टर आलं. त्यानंतर ७५व्याला ती आली. एकूण १५३ पुल, म्हणजे २४,४८० प्रायमोजेम (गेममधलं चलन). रोजच्या कमिशनचे (छोट्या कामांचे) ६० मिळतात. नुसत्या त्यावर साठवायचे म्हटले तर ४०८ दिवस लागतात. इतकं घालवल्यावर कॅरेक्टरने पहिल्या दिवसापासून समाधान द्यावं अशी अपेक्षा होतीच. ते मिळालं नाही, आणि त्याला कारण होते पाच सेकंद.

ती कशी चालते हे बहुतेकांना माहीत आहे, तरी हा भाग नीट मांडायला हवा. स्किल मारलं की शत्रूवर ब्लड-डेट डायरेक्टिव्हची खूण बसते. ती खूण चार्ज्ड अटॅकने (बटण दाबून धरल्यावर होणाऱ्या फटक्याने) शोषून घ्यायची, मग आर्लेकिनोला बॉन्ड ऑफ लाइफ मिळतो, म्हणजे एचपीच्या (जीवनशक्तीच्या) टक्क्यांत मोजलं जाणारं एक कर्ज. हा बॉन्ड ३० टक्क्यांच्या वर असेपर्यंत तिचे साधे फटके पायरो (आगीचे) होतात आणि बॉन्ड जितका मोठा तितके जोरात बसतात. मेख अशी की खूण लगेच शोषली तर बॉन्ड मिळतो कमाल एचपीच्या ६५ टक्के. पाच सेकंद थांबलात तर खूण पिकते, 'ड्यू' होते, आणि मग मिळतो १३० टक्के.

ऐकायला दुप्पट वाटतं, पण फरक त्याहून मोठा आहे. प्रत्येक फटक्याला शिल्लक बॉन्डच्या साडेसात टक्के खर्च होतात. ६५वरून ३०वर यायला साधारण १० फटके लागतात. १३०वरून यायला साधारण १९. शिवाय सुरुवातीचे फटके चढ्या बॉन्डवर बसतात. मी वहीत फटक्यागणिक बेरीज मांडली. बॉन्डमुळे मिळणारं जादा डॅमेज थांबल्यावर जवळजवळ तिप्पट भरतं. म्हणजे ते पाच सेकंद चुकवले की ते जादा डॅमेज एक तृतीयांशच उरतं. आणि स्किलचा मूळ कूलडाऊन (पुन्हा मिळेपर्यंतचा वेळ) ३० सेकंदांचा.

मी फोनवर खेळते. फटक्याचं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं की चार्ज्ड अटॅक होतो. पहिले दोन महिने माझं हेच चाललं होतं. स्किल मारायचं, थांबायचं लक्षात ठेवायचं, तोवर दोन-तीन साधे फटके मारू म्हणायचं, बोट किंचित रेंगाळायचं आणि खूण तिसऱ्याच सेकंदाला शोषली जायची. लढाई तिथेच हातातून जायची. बाकीच्या डीपीएसमध्ये (मुख्य मारा करणाऱ्या कॅरेक्टरमध्ये) चूक झाली तर दोन फटके वाया जातात; इथे अख्खी फेरी जाते. मला याचा इतका राग होता की तिची बाकी कुठलीही गोष्ट मला चांगली दिसत नव्हती. स्वतःचा ४० टक्के पायरो बोनस, लेव्हल ९०ला मिळणारं ८८.४ टक्के क्रिट डॅमेज (अधूनमधून बसणाऱ्या जोरदार फटक्याची वाढ), सहा फटक्यांची ती देखणी साखळी, कशाचंच कौतुक वाटेना.

त्यात हीलिंगचा प्रश्न. लढाईत तिला फक्त तिचा स्वतःचा बर्स्ट (ऊर्जा भरल्यावर मारायची मोठी चाल) बरा करतो. हीलर चालत नाही, खाणं चालत नाही. हे मी पुल करण्याआधी वाचलं होतं, पण त्याचा एक धागा सुटला होता. टीमला मदत करणारा माझा बेनेट तेव्हा शून्य कॉन्स्टेलेशनचा होता (कॉन्स्टेलेशन म्हणजे कॅरेक्टरच्या जादा प्रतीने खुली होणारी सुधारणा). त्याच्या बर्स्टच्या वर्तुळात एचपी ७० टक्क्यांच्या वर असेल तरच अटॅकची वाढ मिळते, खाली असेल तर हीलिंग मिळतं. आर्लेकिनो एकदा ७०च्या खाली घसरली की तिला हीलिंगही लागू नाही आणि वाढही नाही. ती त्या वर्तुळात उभी आहे आणि तिला काहीच मिळत नाहीये, हे कळायला मला तीन आठवडे लागले. मी आर्टिफॅक्टना (कॅरेक्टरला घालायच्या, ताकद वाढवणाऱ्या वस्तूंना) दोष देत बसले होते. कळल्यावर गेममधल्या दुकानात स्टारग्लिटर (पुलमधून मिळणारं दुसरं चलन) देऊन त्याची एक कॉन्स्टेलेशन घेतली, ती अट गेली आणि आकडे एकदम वर आले. ज्यांचा बेनेट अजून शून्यावर आहे त्यांनी आर्लेकिनोच्या आधी हे काम करा. माझ्या मते तिच्यासाठी ३४ स्टारग्लिटरचा याहून चांगला उपयोग नाही.

तरीही जूनमध्ये तिला काढलंच. पाच सेकंद सुटत नव्हते.

मत बदललं ऑगस्टमध्ये, आणि तेही दुसरंच काहीतरी करताना. मी शिंगच्यू या पाण्याच्या कॅरेक्टरचं रोटेशन (चालींचा क्रम) बसवत होते. त्याचं स्किल, मग बर्स्ट, मग बेनेटचा बर्स्ट आणि स्किल. घड्याळ लावून मोजलं तर हे सगळं पाच-सहा सेकंदांत होतं. तेव्हा लक्षात आलं की मी आर्लेकिनोला सगळ्यांची तयारी झाल्यावर आणत होते, कारण मुख्य डीपीएस शेवटी आणायचा ही सवय. तिला सगळ्यांत आधी आणायला हवं. आली, स्किल मारलं, खूण बसवली, लगेच बाहेर. खूण शत्रूच्या अंगावर ३० सेकंद टिकते, ती बाहेर असतानाही पिकत राहते. तोवर शिंगच्यू पाणी लावतो, बेनेट वर्तुळ टाकतो. ती परत येते तेव्हा खूण पिकलेली असते आणि तिला थांबावं लागत नाही. बोट रेंगाळण्याचा प्रश्नही गेला, कारण त्या पाच सेकंदांत माझ्या बोटाखाली आर्लेकिनो नसतेच.

म्हणजे जो दोष मी दोन महिने सांगत फिरले तो निम्मा तरी माझ्या सवयीचा होता. मैत्रिणींना तेव्हा दिलेला सल्ला मी मागे घेते.

निम्मा म्हटलं, कारण उरलेला निम्मा खरा आहे. शत्रू साधे असतील तर अडचण नाही. खूण असलेला शत्रू मेला की न थांबता १३० टक्के बॉन्ड मिळतो. खूप शत्रू असले तरी एका स्किलमागे मर्यादा १४५ची आहे, त्यामुळे सगळ्यांच्या खुणा गोळा करत पळण्यात अर्थ नाही. त्रास देतात ते उडून जाणारे, जमिनीत शिरणारे बॉस. पाच सेकंद झाले, ती परत आली आणि बॉस चार्ज्ड अटॅकच्या टप्प्याबाहेर. खूण समोर दिसते पण शोषता येत नाही. बेनेटचं वर्तुळ संपतं, शिंगच्यूच्या तलवारी संपतात, आणि आपण स्टॅमिना जाळत बॉसमागे धावतो. अशा बॉसच्या बाजूला मी तिला आता ठेवत नाही. दुसऱ्या बाजूला ठेवते.

बर्स्टबद्दलही मी चुकीची होते. त्याचं डॅमेज बघून मी तो बॉन्ड भरलेला असताना मारायचे. तो बॉन्ड मग हीलिंगमध्ये जातो आणि फटके थंड पडतात. बर्स्टचं खरं मोल असं की तो स्किलचा कूलडाऊन पुसतो. पहिली लाट संपत आली, बॉन्ड ३०च्या आसपास उतरला की बर्स्ट मारायचा. एचपी भरतं आणि दुसऱ्या लाटेसाठी स्किल तयार मिळतं. बाराव्या मजल्यावर दोन लाटांच्या चेंबरमध्ये ते चार सेकंद मला यानेच वाचवून दिले.

आता भाला. तिचा स्वतःचा क्रिमसन मून्स सेम्ब्लन्स उत्तम आहे यात वाद नाही. ६७४ बेस अटॅक, २२.१ टक्के क्रिट रेट (क्रिट बसण्याची शक्यता), बॉन्ड ३०च्या वर असताना एकूण ३६ टक्के डॅमेज वाढ. व्हाइट टॅसलचा बेस अटॅक ४०१. फरक मोठा आहे आणि तो आकड्यांत दिसतो. पण टॅसल लेव्हल ९०पर्यंत जातो, २३.४ टक्के क्रिट रेट देतो, आणि पाचव्या रिफाइनमेंटला (त्याच शस्त्राच्या प्रती एकत्र केल्यावर) साध्या फटक्यांना ४८ टक्के वाढ. आर्लेकिनो मारते ते साधेच फटके. वेपन बॅनरवर हवं ते शस्त्र हमखास मिळायला वाईटात वाईट १६० पुल लागतात, म्हणजे २५,६०० प्रायमोजेम. मी तिच्यावर घालवले त्याहून जास्त! मी घेतला नाही आणि नऊ महिन्यांत एकदाही तो नाही म्हणून अडले नाही.

आर्टिफॅक्टवर मात्र मी रेझिन (बक्षिसं घ्यायला खर्च होणारी, हळूहळू भरणारी ऊर्जा) वाया घालवलं. हार्मोनिक व्हिम्सीचा सेट तिच्यासाठीच आहे असं म्हणत चार महिने तो एकच डोमेन केला. सेटचे तिन्ही थर मिळून ५४ टक्के वाढ देतात, ग्लॅडिएटरच्या चार तुकड्यांची वाढ ३५. पण टॅसलचे ४८, तिचे स्वतःचे ४०, पायरो गॉब्लेट या आर्टिफॅक्टचे ४६.६ हे सगळं एकाच बेरजेत पडतं, म्हणून शेवटी १९ टक्क्यांचा तो फरक ऐकायला वाटतो तितका राहत नाही. बॉस मारता मारता साठलेले ग्लॅडिएटरचे चांगले तुकडे माझ्याकडे पडून होते. ते घातले, क्रिट बरं बसलं आणि निकाल जवळजवळ तोच. व्हिम्सीचा सेट आजही अर्धवट आहे.

टीम सध्या दोन ठेवल्यात. एक शिंगच्यू-बेनेट-झोंगलीची. व्हेपराइझमध्ये (आग-पाण्याच्या प्रतिक्रियेत) पाण्यावर पायरोचा गुणक दीडपटच असला तरी शिंगच्यूच्या तलवारींनी तिला बसणारा मार कमी होतो आणि फटका मध्येच तुटत नाही. फटका तुटणं ही तिची दुसरी दुखरी जागा आहे. दुसरी टीम शेव्रूझ-फिशल-बेनेटची. टीममध्ये फक्त पायरो आणि इलेक्ट्रो (विजेची कॅरेक्टर) असतील तर शेव्रूझ ओव्हरलोडनंतर (आग-विजेच्या स्फोटानंतर) शत्रूचा पायरो आणि इलेक्ट्रो रेझिस्टन्स ४० टक्क्यांनी उतरवते. डॅमेज हिच्यात जास्त वाटतं, पण ओव्हरलोडने लहान शत्रू दूर उडतात आणि मग खुणा शोषायला पुन्हा धावाधाव. मोठ्या, जागेवरून न हलणाऱ्या शत्रूंना ही टीम, बाकीच्यांना पहिली.

गोष्टीबद्दल थोडंच. फातुई या गेममधल्या संघटनेच्या हार्बिंजरांमधली (प्रमुखांमधली) ही चौथी, आणि हाउस ऑफ द हार्थची मुलं तिला 'फादर' म्हणतात. लिनी, लिनेट, फ्रेमिनेची गोष्ट मनापासून खेळलेल्यांना ती टीममध्ये असण्याचा आनंद वेगळाच मिळतो. मला तो मिळतो, आणि जूनमध्ये काढलेली पुन्हा हातात घ्यायला तोही कारण होता हे मान्य करायला हवं.

राहिला सगळ्यांनी विचारलेला प्रश्न, दुसऱ्या कॉन्स्टेलेशनचा. ती घेतली की खूण बसतानाच 'ड्यू' असते. पाच सेकंद कायमचे गेले. नऊ महिने याच पाच सेकंदांशी झगडणारी मी, मला मोह झालाच. बॅनर उघडल्यावर दोन संध्याकाळ मी हिशोब करत बसले. दोन प्रती, प्रत्येकी वाईटात वाईट १८० पुल. ५७,६०० प्रायमोजेम. नुसत्या कमिशनवर ९६० दिवस. पहिली कॉन्स्टेलेशन स्वतःही चांगली आहे, फटक्यांचा जोर वाढतो आणि ते तुटतही नाहीत. पण ज्या वेळेत माझे शिंगच्यू आणि बेनेट आपापलं काम करतात, ती वेळ पुसायला मी ९६० दिवस देणार नाही. माझे साठवलेले ११२ पुल तसेच आहेत.

तो बॅनर ११ फेब्रुवारी २०२५पर्यंतच होता; नवीन घेणाऱ्यांनी पुन्हा येईल तेव्हा ठरवा. घेतलीत तर भाल्यासाठी पुल करू नका, टॅसल पाचव्या रिफाइनमेंटला न्या, बेनेटची एक कॉन्स्टेलेशन बघा. आणि पहिल्याच दिवशी अबिसमध्ये न नेता एखाद्या साध्या बॉससमोर उभी करून हा क्रम हातात बसवा: स्किल, बाहेर, शिंगच्यू, बेनेट, आत, चार्ज्ड अटॅक. मला बसायला चार दिवस लागले.