जुनी फुल-सस्पेन्शन फ्रेम: एका पावसाळ्यानंतर, आणि बुशबद्दल जरा जास्तच

नाशकातल्या गंगापूर रोडच्या एका दुकानाने 'फुल ओव्हरहॉल'चे बाराशे रुपये घेतले आणि सांध्यांत ग्रीस भरून सायकल परत दिली. मागचं चाक डुलत होतं ते डुलतंच राहिलं. विचारलं तर म्हणे, "सर, फ्रेमच जुनी आहे, आता नवीन घेऊन टाका." त्या बाराशेचा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा भाषा थोडी सांभाळून घ्या.

फ्रेम नव्वदच्या दशकाच्या शेवटची, ॲल्युमिनियमची, फुल-सस्पेन्शन, म्हणजे पुढच्यासारखे मागच्या चाकाचेही धक्के शॉकवर झेलणारी. मागे फोर-बार, म्हणजे सांध्यांनी जोडलेला चौकोनी सांगाडा; चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर) ॲक्सलच्या थोडा पुढे सांधा, म्हणजे हॉर्स्ट लिंक. 26 इंची चाकं, व्ही-ब्रेक. आपल्या नाशकात सगळा ओढा रोडबाइककडे. 2015 साली महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका (अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत) पुरी केल्यापासून तर विचारायलाच नको. अशा गावात ही फ्रेम घेऊन फिरलं की लोक भंगारवाल्याकडे बघावं तसं बघतात. बघू देत. शॉकसकट नऊ हजारांत पडली.

घ्यायला गेलात तर पहिलं काम एकच. विकणाऱ्याला म्हणायचं, "दादा, शॉकचा एक बोल्ट काढतो." शॉक सुटला की मागचा सांगाडा हाताने वरखाली करा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. मध्येच अडकत असेल किंवा खरखरत असेल तर तिथला सांधा गेला. मग टायर धरून डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवत जा. हालचाल बोटाला लगेच कळते. सांध्यातला अर्धा मिलिमीटर ढिलेपणा (प्ले) चाकापर्यंत पोचताना कितीतरी मोठा होतो. शॉक परत बसवल्यावर सीट धरून सायकल अगदी हळू उचला. चाक जमिनीवरून सुटायच्या आधी 'टक' झालं, तर शॉकच्या डोळ्यातला (टोकाच्या भोकातला) बुश, म्हणजे बोल्टभोवतीची छोटी नळी, खलास. माझ्याकडे टक होतं. विकणारा म्हणाला, "ते ग्रीसने जाईल." दुकानही तेच म्हणालं. ग्रीसने झिजलेला धातू परत भरून येत असता तर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले निम्मे वर्कशॉप बंद पडले असते.

शेवटी जुना बुश आणि पिन घेऊन सातपूरला एका टर्नरकडे गेलो. त्याने व्हर्नियर लावला, पिन उजेडात फिरवून बघितली. एका बाजूने नखाला लागेल एवढी खाच पडलेली. "बाइकची का?" "सायकलची." "सायकलीला कुठं बुश असतो, भाऊ?" तरी गनमेटलचा बुश आणि स्टेनलेसची पिन करून दिली, साडेचारशे रुपयांत. टक गेला, डुलणंही गेलं. बाराशे आणि साडेचारशे, हिशोब तुम्हीच करा.

आता मत बदललेला भाग. आधी मी सगळ्यांना सांगायचो, बेअरिंगवालीच फ्रेम घ्या, बेअरिंगवरचा 6900 किंवा 6902 असा नंबर वाचायचा आणि बाजारातून आणायचा. तेही खरंच आहे. पण सस्पेन्शनचा सांधा गोल फिरत नाही, काही अंशांतच पुढेमागे होतो. बेअरिंगमधल्या गोळ्या त्याच जागी दाब देत राहतात आणि रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) खड्डे पडतात. त्यात त्र्यंबक रोडकडचा पाऊस आणि काळ्या मातीचा चिखल. आता मला साधा बुश बरा वाटतो, कारण तो सातपूरला होतो. बुश बसतो ते फ्रेममधलं भोकच लंबगोल झालं असेल, तर मात्र नमस्कार करून निघा.

शॉकची लांबी बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. 165 बाय 38, 190 बाय 50, 200 बाय 57 (मिलिमीटरमध्ये लांबी बाय स्ट्रोक, म्हणजे शॉक किती दबतो ते) हे आकार अजून मिळतात. विचित्र आकडा आला तर शोधत बसाल. कधी कधी जास्त स्ट्रोकचा शॉक 'थोडा मोठा, चालेल' म्हणून लावलेला असतो. हवा पूर्ण सोडून सायकल खाली दाबा आणि टायर सीटट्यूबला टेकतो का बघा. आत इलॅस्टोमरचे रबर असलेला शॉक मी फुकटातही घेणार नाही, इतक्या वर्षांत त्याचा एक तर दगड झालेला असतो नाही तर चिकट गोळा.

तडे बघायचे तर आधी फ्रेम धुवायला लावा. सीटट्यूबचे सांधे, शॉकचं माउंट, हेडट्यूबखालचा (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीखालचा) भाग, दोन चेनस्टेंना जोडणारा आडवा पूल, सगळीकडे टॉर्च तिरपा मारा. रंगातली केसाएवढी रेघ वेल्डच्या कडेने जात असेल तर ती रंगाचीच आहे असं समजू नका. ॲल्युमिनियम थकतं आणि स्टीलसारखं आपल्या गल्लीतल्या वेल्डिंगने सुधारत नाही. उष्णतेने त्याचा टेम्पर, म्हणजे धातूला दिलेला कडकपणा, जातो.

सीटपोस्ट हलतो का, हे तिथेच बघा, जाम झालेला असेल तर किंमत निम्मी सांगा. हेडट्यूब सव्वा इंचाच्या आतलीच, म्हणजे 1⅛ इंच सरळ. हल्लीचा टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या दांड्याचा) फोर्क बसत नाही. आणि मूळ फोर्क 80 मिलिमीटर दबणारा असताना तिथे 140चा लावून हेडट्यूबवर जोर देऊ नका, दिसायला कितीही झकास वाटला तरी. हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेल्यर ज्यावर टांगतो तो तुकडा) बोल्टचा आहे का हेही बघा. माझा बोल्टचा आहे, पण त्या मापाचा नवा मिळायला वेळ लागला, म्हणून आता दोन आणून ठेवलेत.

सध्या अंजनेरीच्या बाजूला आणि पांडवलेणीच्या मागच्या वाटांवर मजेत चाललीय. शॉकच्या सीलमधून किंचित तेल झिरपतंय, त्याचं किट मागवायचंय. फ्रेम विकायची नाही. विकायचा आहे तो पुढचा डिरेल्यर, 34.9 मिलिमीटर क्लॅम्पचा, जवळपास नवा. विकणाऱ्याने 'सोबत फुकट' म्हणून दिला आणि सीटट्यूबवर लिंकमुळे तो बसायला जागाच नाही.