उबंटू सर्व्हर 24.04, वर्षभरानंतर: बाकी ठीक, पण त्या एसएसएचच्या पोर्टचं काय?

लिनक्सच्या या आवृत्तीत कर्नल 6.8, 2029 पर्यंत मोफत अपडेट हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो. माझं भांडण आहे एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) पोर्टशी, म्हणजे ज्या क्रमांकाच्या दारावर ती कनेक्शन घेते त्याच्याशी.

एसएसएचडी_कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट 22 चा 2222 करायचा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची, ही हाताला बसलेली सवय. 22.04 पर्यंत चालायचं. 24.04 मध्ये रीस्टार्ट बिनतक्रार होतो, एरर नाही की इशारा नाही, आणि सर्व्हर 22 वरच! कारण पोर्ट आता सिस्टिमडीचं (सगळ्या सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) सॉकेट युनिट धरून बसतं. पहिलं कनेक्शन आलं की मग ते डेमनला, म्हणजे मागे चालणाऱ्या एसएसएच प्रोग्रामला, उठवतं. फाइलमधला आकडा सॉकेटपर्यंत पोचवणारा छोटा प्रोग्राम (जनरेटर) सिस्टिमडीची 'डेमन-रीलोड' कमांड दिल्याशिवाय हलत नाही. म्हणून आधी यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये नवा पोर्ट उघडा, फाइल बदला, डेमन-रीलोड करा, मग 'एसएसएच डॉट सॉकेट' रीस्टार्ट करा, 'डॉट सर्व्हिस' नव्हे. दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन जमेपर्यंत जुनं सेशन सोडू नका. फायरवॉलवर 22 आधीच बंद केलात, तर आत शिरायला होस्टिंगवाल्याचा वेब कन्सोल शोधत बसाल.

हा खटाटोप कशासाठी, तर किमान 3 एमबी रॅम वाचते म्हणून. 1 जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर) एकेक एमबी मोजणाऱ्याला हे गोड वाटेल. पण एकदा उठलेला डेमन परत झोपत नाही, आणि सार्वजनिक आयपीवर पहिला बॉट दार ठोठवायला फार वेळ लावत नाही. झाली बचत! एकाच मशीनवर बाहेरून पोचता न येणारे शेकडो कंटेनर (मशीनच्या आतले छोटे वेगळे सर्व्हर) असतील तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी सॉकेट डिसेबल करून सर्व्हिस एनेबल करावी, जुनं वागणं परत येतं.

अ‍ॅपआर्मर या प्रोग्रामांवर बंधनं घालणाऱ्या सुरक्षा यंत्रणेबद्दल मात्र मत बदललं. साध्या युजरच्या नेमस्पेसवर (स्वतःपुरतं वेगळं बंदिस्त वातावरण तयार करण्यावर) आता बंधन आहे, त्यामुळे बिलांच्या पीडीएफ काढणारा हेडलेस क्रोमियम (खिडकीविना चालणारा ब्राउझर) 'नो यूजेबल सँडबॉक्स', म्हणजे सुरक्षित कप्पा करता येत नाही, म्हणून मरतो. सुरुवातीला हा निव्वळ जाच वाटतो. पण 2024 मध्ये गाजलेल्या नेटफिल्टरच्या (कर्नलमधली फायरवॉल) त्रुटीतून (सीव्हीई-2024-1086) साध्या युजरला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होण्याचा रस्ता याच नेमस्पेसमधून जात होता. तेव्हा सिसीटीएल या कर्नल सेटिंगच्या कमांडने बंधनच उठवू नका, क्रोमियमला 'नो-सँडबॉक्स' पर्यायही देऊ नका. त्या एका प्रोग्रामसाठी 'यूजरएनएस' (नेमस्पेस वापरण्याच्या) परवानगीचं चार ओळींचं अ‍ॅपआर्मर प्रोफाइल लिहा. मार्च 2025 मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने या बंधनाला तीन पळवाटा दाखवल्या, म्हणजे भिंत अभेद्य नाही. तरी असलेली बरी.

अपडेटनंतर कोणत्या सर्व्हिस पुन्हा सुरू करायला हव्यात ते पाहणारा नीडरीस्टार्ट आता न विचारता त्या रीस्टार्ट करतो. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच, नाहीतर ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी अपडेट होऊनही जुनी लायब्ररी मेमरीत तशीच राहते. अडचण वेळेची. आपोआप अपडेटचा टायमर सकाळी 6 ला, वर तासाभरापर्यंतचा रँडम उशीर. क्लाउडवरच्या तयार सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा ते साडेबारा. ऐन कामाच्या वेळी पोस्टग्रेस डेटाबेस रीस्टार्ट होऊन सगळी कनेक्शन तुटतात. टाइमझोन एशिया/कोलकाता करा, किंवा टायमर ओव्हरराइड करून पहाटे 3 वर न्या. डेटाबेस नीडरीस्टार्टच्या अपवादात टाकलात, तर तो महिन्यातून एकदा हाताने रीस्टार्ट करायची आठवण कॅलेंडरमध्ये लावा.