घरच्या सक्शन मशीनचा अनुभव : गळ्यात ट्यूब असलेल्या अडीच वर्षांच्या लेकीसाठी

माझ्या लेकीला ट्रॅकिऑस्टॉमी झालीय, म्हणजे श्वास घ्यायला गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत ट्यूब बसवलीय. हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरांनी सामानाची जी यादी दिली, तिच्यात सगळ्यात वर ट्यूबमधला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन होतं. आठ-नऊ महिने ते रात्रंदिवस वापरतोय. याच धाटणीची मशीन वेगवेगळ्या नावांनी मिळतात, म्हणून नावापेक्षा घेताना काय बघायचं ते सांगते.

दुकानात आधी मशीन किती जोरात ओढतं तेच ऐकवतात. खोक्यावर 600 मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या, ओढीचा जोर मोजायचं माप) आसपासचा आकडा ठळक छापलेला असतो. लेकीसाठी डॉक्टरांनी सांगितलेत 80 ते 100. त्याहून जास्त जोर लावला तर श्वासनलिकेचं आतलं नाजूक आवरण दुखावतं, कफात रक्त दिसायला लागतं. त्यामुळे जोर कमी करून तो तिथेच टिकतो का, एवढं दुकानातच चालवून बघा. आमच्या मशीनची तबकडी 0 ते 760 ची आहे आणि आमच्या कामाची जागा सुरुवातीच्या बोटभर पट्टीत संपते. सासूबाईंना ते बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून 100 च्या रेघेवर लाल नेलपॉलिशची खूण केलीय. नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरायचं, काटा खुणेपाशी येईपर्यंत नॉब फिरवायचा, मगच कॅथेटर, म्हणजे ट्यूबमध्ये घालायची बारीक लवचिक नळी, जोडायचा. नॉब जरा धक्का लागला तरी सरकतो, त्यामुळे हे दर वेळी करावं लागतं. या मशीनमधला सगळ्यात मोठा दोष हाच.

तिची ट्यूब 4 नंबरची, म्हणून कॅथेटर 8 नंबरचा, निळ्या टोकाचा. किती आत घालायचा ते माप सिस्टरांनी ट्यूबच्या लांबीवरून काढून दिलं. ती पट्टी पलंगाशेजारी भिंतीवर चिकटवलीय. आत घालताना कॅथेटरच्या बाजूचं भोक उघडं ठेवायचं, बाहेर काढतानाच अंगठ्याने बंद करायचं, आणि सगळं 10 सेकंदांच्या आत उरकायचं. हे आकडे आमच्या लेकीचे आहेत. तुमच्या बाळाचे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बॅटरीचं मॉडेल साध्यापेक्षा बरंच महाग पडलं, पण त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि कफ अडकला तर वायरमनची वाट बघता येत नाही. अर्धा तास तरी सलग चालतं. शिवाय डॉक्टरांकडे जाताना गाडीत मांडीवर घेऊन बसता येतं. तरी बॅटरी कधीतरी दगा देणारच, म्हणून पायाने दाबायचा साधा सक्शन पंपही घेऊन ठेवलाय. त्याला ना लाइट लागते ना चार्जिंग.

आवाजाबद्दल मात्र तक्रार आहे. घरघर इतकी, की दुपारी नुकती झोपलेली पोर दचकून उठते. ती रडते तेव्हा आवाज फुटत नाही, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत पोचायच्या आधीच ट्यूबमधून बाहेर पडते. फक्त तोंड वाकडं होतं, डोळ्यांतून पाणी येतं. पाठ फिरवलेल्या माणसाला कळतच नाही. म्हणून कोणीतरी तिच्याकडे बघत बसायचंच, रात्रीसुद्धा. आम्ही पाळ्या लावल्यात. ऑक्सिमीटरही मोठ्यांच्या बोटाच्या चिमट्याचा चालत नाही, पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचा प्रोब लागतो.

मशीन अचानक ओढेनासं झालं तर लगेच दुरुस्तीला पाठवू नका. बाटली आणि मोटार यांच्यामध्ये एक गोल पांढरा फिल्टर असतो. तो ओला झाला की हवा अडते आणि मोटार नुसतीच गुरगुरते. नवा बसवला की मशीन पूर्ववत. बाटली दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी केली, तर फिल्टरवर सहसा पाणी चढत नाही. बाटलीच्या झाकणाचं रबर नीट बसलंय का, तेही बघा. आम्ही जादा फिल्टर नेहमी घरात ठेवतो, कारण गावातल्या औषधाच्या दुकानात ते मिळत नाहीत.

मशीनशेजारी एक डबा कायम भरलेला असतो : 4 नंबरची जादा ट्यूब, अडचणीच्या वेळी घालायला 3.5 ची, गळ्याच्या पट्ट्या, कात्री आणि आंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). सासूबाई, नवरा, शेजारच्या काकू, सगळ्यांनी सक्शन शिकून घेतलंय. काकूंचा हात तर माझ्यापेक्षा हलका आहे. त्यांनी केलं की लेक खोकतसुद्धा नाही. एकट्या आईच्या भरवशावर हे निभत नाही, म्हणून मशीन निवडताना त्या सगळ्यांना दुकानात नेऊन एकदा नॉब फिरवायला लावा.

घेताना बिलावर सिरियल नंबर आणि बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून घ्या. मशीनची वॉरंटी वर्षाची होती, बॅटरीची सहाच महिन्यांची, आणि हे आम्हाला बॅटरी उतरायला लागल्यावर कळलं. नवी स्वतःच्या खर्चाने टाकली. आवाज आणि तो नॉब सोडला तर मशीनने आतापर्यंत साथ दिलीय. आज पुन्हा घ्यायचं झालं तरी बॅटरीचंच घेईन, फक्त तबकडी मोठ्या आकड्यांची बघेन.